पोकळ वाजणारी फरशी

'परवाने काढून टाका, रोजगार आपोआप वाढेल.' आज हा फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला आणि डोकं फिरलं. कुठल्या धंद्यातले परवाने, कसला रोजगार, हे विचारायचंच नाही का?

जर्मनीतले फरशीवाले घ्या. २००४ पर्यंत तिथे स्वतःच्या नावावर फरशीचं काम घ्यायचं तर 'माइस्टर'ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा लागे. त्या वर्षी ९४ पैकी ५३ कारागिरीच्या धंद्यांतून ती अट काढली. फर्म भराभर वाढल्या, पण बहुतेक एकखांबी तंबू. मालक तोच, कामगारही तोच. मग शिकाऊ पोरगं ठेवणार कोण? बाथरूममध्ये फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर चुकला किंवा जाळीकडे उतार कमी पडला, तर पहिल्या दिवशी काही कळत नाही. शेजारच्या भिंतीला ओल आली की कळतं. मसाला नुसता कोपऱ्यांत टाकला असेल तर टकटक केल्यावर फरशी पोकळ वाजते, पण तोवर बिल चुकतं झालेलं असतं. २०२० मध्ये १२ धंद्यांना अट पुन्हा लागली, त्यात फरशीवाले होतेच. आधीच शिरलेल्यांना सूट!

म्हणून अटीच बऱ्या, असंही म्हणू नका. फ्रान्सच्या १९७३ च्या रुआये कायद्यात १५०० चौरस मीटरवरच्या दुकानाला (छोट्या गावांत १०००) समितीची परवानगी लागे. समितीत कोण? लोकप्रतिनिधींबरोबर व्यापाऱ्यांचेही प्रतिनिधी! बर्त्राँ आणि क्रामार्झ या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की त्याने दुकानांतल्या नोकऱ्यांची वाढ रोखली. फरशीच्या अटीला निदान गिऱ्हाइकाचं निमित्त तरी होतं. इथे सांभाळला तो आधीच्यांचा गल्ला.

पोर्तुगालने २००५ मध्ये तासाभरात कंपनी नोंदवून द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ज्या जास्तीच्या कंपन्या निघाल्या, त्या मुख्यतः शेती, बांधकाम, किरकोळ विक्रीतल्या. लहान आणि लवकर मिटणाऱ्या. काही हातांना काम मिळालं, मान्य. सिमेंट कारखान्याचं मात्र घोडं अडतं चुनखडीची खाण, वीज आणि भांडवलापाशी. नोंदणीचे चार दिवस वाचले काय, न वाचले काय.

आणि मोजता काय, तर फर्म! दहा कारागिरांची एक मोडून दहा झाल्या, की नोंदवहीत नऊ नवे धंदे. माणसं तेवढीच, शिकाऊ शून्य.

हां, हात तयार होता पण परीक्षेला पैसे नव्हते, अशाचं २००४ च्या बदलाने भलंच केलं. त्या कारागिरावर माझा राग नाही.