पुलाखालून हेलिकॉप्टर नेणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला माहीत असायला हवं

‘टर्मिनेटर २’ (१९९१) मधला तो रात्रीचा पाठलाग आठवतोय? पुढे पळणारी व्हॅन, मागे हेलिकॉप्टर, आणि ते हेलिकॉप्टर सरळ फ्लायओव्हरच्या खालून निघून जातं. कितीतरी जणांना अजूनही ती कॉम्प्युटरची करामत वाटते. ते खरं हेलिकॉप्टर होतं, बेल जेटरेंजर, आणि उडवत होते चक टॅम्बुरो. कॅमेरा टीमने हा शॉट घ्यायला नकार दिला, तेव्हा जेम्स कॅमेरॉनने स्वतः कॅमेरा चालवला.

हे टॅम्बुरो पडद्यावरही आहेत. खलनायक काच फोडून कॉकपिटमध्ये शिरतो आणि ज्या पायलटला बाहेर व्हायला सांगतो, तो पायलट म्हणजे तेच. जगभरात एवढ्या लोकांनी तो चेहरा पाहिलाय, पण नाव विचारा, कोणाला सांगता येत नाही. मला हे मनापासून खटकतं.

कारण हे उडवणं म्हणजे नुसतं धाडस नसतं. जेटरेंजरच्या मुख्य पात्यांच्या वर्तुळाचा व्यास दहा मीटरच्या वर जातो. पुलाच्या खांबापासून पात्याचं टोक किती लांब राहील, वर किती जागा उरेल, खाली किती, हे सगळं आधीच ठरलेलं लागतं. तिथे पोचल्यावर विचार करायला वेळच नसतो.

त्यात इंजिन बंद पडलं तर? हेलिकॉप्टरला ऑटोरोटेशनची सोय असते. खाली येताना हवेच्या जोरावर पाती फिरत राहतात आणि शेवटी त्याच फिरण्याचा उपयोग करून मशीन टेकवता येतं. मात्र त्यासाठी हाताशी उंची तरी हवी किंवा वेग तरी. जमिनीजवळ, हळू उडताना दोन्ही नसतं. पायलट मंडळी या टप्प्याला ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात. आणि दिग्दर्शकाला बहुतेक वेळा नेमकं तिथेच हेलिकॉप्टर हवं असतं, कारण तिथे ते पडद्यावर मोठं आणि अंगावर येणारं दिसतं!

म्हणूनच मला ‘फॉर युअर आइज ओन्ली’ (१९८१) या जेम्स बाँडपटाची सुरुवात फार आवडते. लंडनच्या बेक्टन गॅसवर्क्समध्ये मार्क वुल्फने जे उडवलंय ते आजही श्वास रोखून बघावं लागतं. पण हेलिकॉप्टर गोदामात शिरतं तो शॉट? तिथे खरं मशीन आत नेणं जिवावर बेतलं असतं. मग स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या डेरेक मेडिंग्जच्या टीमने कॅमेऱ्याजवळ गोदामाची छोटी प्रतिकृती उभी केली आणि वुल्फने तिच्या मागून हेलिकॉप्टर नेलं. पडद्यावर ते आत शिरल्यासारखंच दिसतं. कुठे थांबायचं हे कळणारी माणसं होती ती.

सगळीकडे असं झालं नाही. २३ जुलै १९८२ च्या रात्री कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन’च्या चित्रीकरणात ह्युई हेलिकॉप्टर अगदी खाली आणलेलं होतं आणि बाजूला स्फोट चालू होते. त्यात शेपटाकडचा रोटर, म्हणजे तिथली छोटी फिरती पाती, निकामी झाला. तो गेला की हेलिकॉप्टरचा सांगाडा स्वतःभोवतीच गरगरायला लागतो. ते कोसळलं आणि अभिनेते विक मॉरो आणि दोन लहान मुलं जागीच गेली. त्या मुलांना रात्री उशिरा, कायदा डावलून कामावर आणलं होतं. दिग्दर्शक ‘अजून खाली’ असं ओरडत होता, अशी साक्ष कोर्टात झाली. १९८७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. ही केस वाचताना मला अजूनही संताप येतो.

आपल्याकडे १६ नोव्हेंबर १९८० ला मल्याळम अभिनेते जयन मद्रासजवळ हेलिकॉप्टरला लटकायचा स्टंट स्वतः करताना गेले. ऐन लोकप्रियतेत.

तरीही माझं मत आहे की ते जुनं, खरं उडवणं कॉम्प्युटरला अजून नीट साधलेलं नाही. खरं हेलिकॉप्टर वेग घेताना आधी नाक खाली झुकवतं. जमिनीजवळ आलं की गवत आडवं होतं, पाण्यावर थरथर उठते, धूळ कॅमेऱ्यावर येते. मशीनचं वजन जाणवतं. कॉम्प्युटरवर केलेली हेलिकॉप्टरं पुष्कळदा वजन नसल्यासारखी वळतात.

२०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून ऑस्करमध्ये स्टंट डिझाइनचा पुरस्कार सुरू होतोय. चांगलंच आहे, फार उशीर झाला. पण माझी मागणी साधी आहे. हवाई दृश्यं असतील तिथे पायलटचं नाव सिनेमॅटोग्राफरच्या शेजारी, सुरुवातीलाच यावं. आणि ‘हा शॉट होणार नाही’ असं म्हणायचा शेवटचा अधिकार करारात त्याच्या नावावर लिहिलेला असावा, मग दिग्दर्शक कितीही मोठा असो.