खोक्यावरचे वॉट

भाच्याने आज नव्या टॉवर स्पीकरच्या खोक्याचा फोटो पाठवला. "मामा, १५००० वॉट पीएमपीओ!" पोरगं खूश आहे, त्याला काही बोललो नाही. पण डोकं तापलंय.

अरे, घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम साडेतीन हजार वॉट मिळतात. त्यावर गिझर चालतो. मग हे १५००० आले कुठून? पीएमपीओ म्हणजे म्हणे क्षणभर मिळणारी कमाल पॉवर. ती मोजायची ठरलेली पद्धतच नाही. ज्याच्या मनाला येईल तो आकडा त्याने छापावा.

गावच्या भजनी मंडळाने वर्गणी काढून हरिपाठासाठी ट्रॉली स्पीकर घेतला होता. खोक्यावर ३००० वॉट. अ‍ॅडॉप्टरवर मात्र बारीक अक्षरात १५ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे ३० वॉट! त्यातलेही काही उष्णतेत जाणार. क्षणभराच्या ठोक्याला आतले वीज साठवणारे कपॅसिटर थोडी जास्त पॉवर देतात, बरं, मान्य. पण म्हणून शंभर पट?

सप्ताहात पहिल्याच दिवशी आवाज वाढवला आणि स्पीकरमधून पखवाजाचा आवाज फाटायला लागला. घुमारा गायब, नुसती फडफड. अण्णा इतकी वर्षं पखवाज वाजवतात. त्यांनी वाजवणं थांबवलं, डाव्या पुडीची कणीक काढली, पुन्हा मळून लावली. मग मला हळूच विचारलं, "कणीक कमी पडतेय का रे?" त्यांना वाटलं, दोष आपल्या हाताचा. खोक्यावर खोटं लिहिलं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

त्याच खोक्यावर '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असंही होतं, म्हणजे अगदी खर्जापासून अगदी बारीक आवाजापर्यंत सगळं वाजणार. पण त्यात आवाज किती डेसिबलने कमी-जास्त होतो, याचा पत्ता नाही. तो आकडा नसेल तर ही ओळ कुठल्याही डब्यावर छापता येते. २० हर्ट्झवर आवाज तीस डेसिबलने पडला, तरी ती 'खरी'च!

आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॉटही सगळं सांगत नाहीत, ठीक आहे. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॉटला तो किती मोठा वाजतो ते, तीन डेसिबलने जास्त असेल तर निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. काही कंपन्या हे सगळं नीट छापतातही. पण गावातल्या दुकानात वर्गणीच्या पैशात येतो तो माल त्यांचा नसतो.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच नियम केला. घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची पॉवर जाहिरातीत सांगायची, तर सतत किती, किती ओहमच्या स्पीकरवर, किती डिस्टॉर्शनला (म्हणजे आवाज किती बिघडून), हेही सांगा. २०२४ मध्ये तो आणखी कडक केला. आपल्याकडे वाण्याने किलोमागे पन्नास ग्रॅम मारले तर वैधमापनवाले दंड करतात. अण्णांना ३००० सांगून ३० देणाऱ्याला कोण विचारतं?

वॉट छापायचे असतील तर सतत किती आणि किती डिस्टॉर्शनला, हे तेवढ्याच मोठ्या अक्षरात शेजारी छापायला लावा. आणि पीएमपीओ खोक्यावर छापायलाच बंदी घाला.