त्याला कळत होतं का, एवढंच न्यायालय विचारतं

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागावून लिहिलेली असली तरी विचार करून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सवडीने देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही समुपदेशक आहात. नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात अडकलेल्या आणि इतरांच्या भावनांची फिकीर नसलेल्या माणसांवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. हा आजार आहे आणि मी आजारी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, हा पहिला. अशा माणसाच्या आत एक दुखावलेलं मूल असतं, ते मला दिसलंच नाही, हा दुसरा. आणि असले लेख वाचून जो तो आपल्या नवऱ्यावर, बायकोवर, नाहीतर साहेबावर हा शिक्का मारत सुटतो, हा तिसरा. जाता जाता विचारलंत, की उद्या असा माणूस आरोपी म्हणून तुमच्याकडे आला तर त्याचं वकीलपत्र घ्याल का. त्याकडे शेवटी येते.

दुखावलेल्या मुलापासून सुरुवात करते, कारण तुमचा बाकीचा युक्तिवाद त्याच्याच खांद्यावर उभा आहे. ही मांडणी मोठ्या माणसांची आहे, हे मान्य. फ्रॉइडने १९१४ साली या विषयावर निबंध लिहिला आणि १९७०च्या दशकात कोहुट आणि कर्नबर्ग या मनोविश्लेषकांनी त्याला आजचं वळण दिलं. कोहुटचं म्हणणं असं, की आईबापांच्या डोळ्यांत स्वतःचं कौतुक दिसायला हवं त्या वयात ते दिसलं नाही, तर माणूस पुढे आयुष्यभर ते इतरांकडून वसूल करत राहतो. कर्नबर्गच्या मते तुसड्या, थंड पालकांच्या हाताखाली वाढणारं मूल स्वतःच्याच संतापापासून वाचण्यासाठी स्वतःची एक भव्य प्रतिमा उभी करतं. दोघांचाही मुख्य आधार होता तो उपचारांना आलेल्या प्रौढ रुग्णांचा, म्हणजे मोठेपणी सांगितलेल्या लहानपणाचा. आणि (हे माझ्यातली वकील बोलतेय) स्वतःच्या गोष्टीत हा माणूस फारसा तटस्थ साक्षीदार नसतो.

मुलांनाच गाठून त्यांच्या वाढीवर नजर ठेवली तर काय दिसतं? २०१५ साली नेदरलँड्समधल्या अशा एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात सात ते अकरा वर्षांची ५६५ मुलं आणि त्यांचे पालक होते, आणि दर सहा महिन्यांनी त्यांची पाहणी होत होती. आपलं मूल इतरांपेक्षा खास आहे, त्याला इतरांपेक्षा जास्त मिळालंच पाहिजे, असं मानणाऱ्या पालकांच्या मुलांत नार्सिसिझम वाढताना दिसला. माया कमी पडल्यामुळे तो वाढतो असं मात्र आढळलं नाही. हा अभ्यास स्वभावातल्या छटांचा आहे, निदान झालेल्या आजाराचा नव्हे, असं तुम्ही म्हणाल आणि ते बरोबरच असेल. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचाही वाटा दिसतो. तेव्हा एखाद्या घरात मूल दुखावलं गेलेलं असतं, एखाद्या घरात डोक्यावर बसवलेलं असतं, आणि काहींचा पिंडच तसा असतो. प्रत्येक वेळी दुखावलेलं मूलच सापडेल, असं समजायला आधार नाही.

पण वादापुरतं धरू, की तुमचंच खरं. तरी ते ‘असा का झाला’ या प्रश्नाचं उत्तर झालं. फौजदारी न्यायालय दोष ठरवताना तो प्रश्न विचारतच नाही.

न्यायालय काय विचारतं ते १८४३ पासून जवळपास ठरलेलं आहे. डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसाने ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. सरकार आपला छळ करतंय या भ्रमात तो होता, म्हणून सुटला. त्यावर गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एक कसोटी मांडली. कृत्य करताना मनाच्या विकारामुळे त्या माणसाला आपण काय करतोय हे कळत नव्हतं का, किंवा कळत असलं तरी ते चुकीचं आहे हे कळत नव्हतं का? तीच कसोटी १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ म्हणून आली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये बसली आहे. डॉक्टरांच्या लेखी आजार असणं पुरेसं नाही, कायद्याच्या अर्थाने भान गेलेलं असलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलेलं आहे.

आता या कसोटीवर आपला माणूस उभा करा.

२०११ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी निदान झालेल्या रुग्णांची सहानुभूती दोन भागांत तपासली. समोरच्याला काय वाटतंय ते ओळखणं हा एक भाग, आणि ते आपल्याला आतून जाणवणं हा दुसरा. कमतरता दिसली ती मुख्यतः दुसऱ्यात. ओळखण्याची क्षमता बरीचशी शाबूत होती. तुमच्या खुर्चीतून हे दुःखद वाटेल. माझ्या खुर्चीतून बघितलं तर कायद्याचं उत्तर इथेच मिळतं. समोरच्याला लागतंय हे त्याला कळतं, फक्त त्याचं त्याला काही वाटत नाही. आणि काही न वाटणं हा बचाव कुठल्याही कलमात नाही.

एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. घटस्फोटाच्या प्रकरणात एका अशील बाईंनी मला त्यांचा फोन दाखवला. नवऱ्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज म्हणजे आदर्श पत्रलेखन: ‘मुलांच्या हितासाठी आपण दोघांनी समंजसपणे बोलायला हवं. तुझी तब्येत कशी आहे?’ प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम. कॉलच्या यादीत मात्र प्रत्येक मेसेजनंतर पाच-दहा मिनिटांत त्याचाच फोन. त्या फोनवर शिव्या, मुलं तोडण्याच्या धमक्या, ‘तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार’. बाईंना सुरुवातीला वाटायचं, याच्यात दोन माणसं आहेत. मला ती यादी वाचताना एकच माणूस दिसत होता. लिहिलेलं उद्या न्यायाधीशांसमोर जाईल आणि बोललेलं हवेत विरेल, हा हिशेब त्याने पक्का केला होता. ज्याला असा हिशेब जमतो त्याला बरं-वाईट कळत नाही, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

‘पण आवर घालता येत नाही त्याचं काय?’ हेही तुम्ही विचारलं आहेत. काही ठिकाणी कायद्याने ती वाट ठेवलेली होती. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार करणारा हिंकली १९८२ साली वेडसरपणाच्या बचावावर सुटला, आणि १९८४ साली तिथल्या संघराज्याच्या कायद्यातून आवर न घालता येण्याचा भाग वगळला गेला. त्याच खटल्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बचाव पक्षाचे डॉक्टर स्किझोफ्रेनियासारख्या आजाराकडे बोट दाखवत होते. सरकारी बाजूच्या तज्ज्ञांच्या निदानांत व्यक्तिमत्त्वाचे विकार होते आणि त्यांत नार्सिसिस्टिकही होता. म्हणजे हे निदान सरकारने पुढे केलं होतं, आरोपी जबाबदार आहे हे दाखवण्यासाठी.

नॉर्वेत तर हे अगदी उघड्यावर झालं. २२ जुलै २०११ रोजी ब्रेविक या अतिउजव्या दहशतवाद्याने ७७ माणसं मारली. मनोविकारतज्ज्ञांच्या पहिल्या जोडीने पॅरॅनॉइड स्किझोफ्रेनिया म्हटलं. तिथल्या कायद्यानुसार कृत्याच्या वेळी सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटलेलं, असेल तर शिक्षाच देता येत नाही. त्यावर ओरड झाली, दुसरी जोडी नेमली गेली आणि तिने नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर, त्यात समाजविरोधी लक्षणं, असं निदान केलं. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने त्याला भानावर असलेला, म्हणून शिक्षेस पात्र ठरवलं आणि वाढवता येईल अशी २१ वर्षांची स्थानबद्धता दिली. गंमत बघा, सरकारी वकील त्याला मनोरुग्णालयात पाठवा म्हणत होते, आणि आरोपी मला वेडा म्हणू नका म्हणून भांडत होता.

तेव्हा आजार म्हणा, विकार म्हणा, माझी हरकत नाही. तो असल्याने माणूस न्यायालयाच्या कक्षेबाहेर जातो, एवढंच मला मान्य नाही.

आता शिक्क्याचं. इथे आपण एकाच बाजूला आहोत, आणि माझं कारण तुमच्यापेक्षा जास्त व्यवहारी आहे. हे लेबल वैद्यकातच डळमळीत आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तिकेत ते १९८० साली आलं. आजही तिथे नऊ निकष आहेत आणि त्यांतले पाच लागतात. मधल्या काळात ते काढून टाकायचा प्रस्तावही होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या वर्गीकरणात तर नार्सिसिस्टिक असा वेगळा प्रकारच नाही. तिथे व्यक्तिमत्त्व विकार एकच, फक्त तो किती तीव्र आहे आणि कुठल्या वळणाचा आहे ते पाहायचं. अशा शब्दावर दावा उभा करायला मी कुणाला सांगत नाही. शिवाय तो अंगाशी येतो. १९९३ सालच्या एका घटस्फोटाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, पत्नीने आपल्या लेखी जबाबात पतीला मनोरुग्ण म्हटलं हीच मानसिक क्रूरता धरून पतीला घटस्फोट दिला होता. त्यामुळे ‘तो नार्सिसिस्ट आहे’ हे वाक्य कुणी कागदावर लिहून आणलं, की मी ते खोडते आणि विचारते, काय केलं, कधी केलं, कोणासमोर केलं. पगार कुठल्या खात्यात जायचा, कार्ड कुणाच्या खिशात असायचं, माहेरी फोन करायला कुणाची परवानगी लागायची.

कायद्यालाही तेवढंच हवं असतं. भारताचा २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ हिंसाचारातच मोजतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने जोडीदारावर धाकदपटशाने ताबा ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा झाला, पाच वर्षांपर्यंत कैद. यांतल्या कशालाही निदान लागत नाही. उलट, निदान आहे पण कृत्य नाही, तर त्या माणसाला कुणी हातही लावू शकत नाही, आणि लावू नये.

लहानपणाला कायद्यात जागाच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. जागा आहे, ती शिक्षा ठरवताना. २०२२ साली फाशीच्या प्रकरणांत आरोपीची कौटुंबिक पार्श्वभूमी आणि मनोविकारतज्ज्ञांचा अहवाल सुनावणीच्या पातळीवरच मागवा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या अपील न्यायालयाने २०१५ साली व्यक्तिमत्त्व विकाराला शिक्षेतल्या सवलतीचं दार लावून घेतलं होतं. २०२० साली त्याच न्यायालयाने ते पुन्हा उघडलं, मात्र त्या विशिष्ट माणसावर विकाराचा खरोखर काय परिणाम झाला ते पुराव्याने दाखवा, या अटीवर. तुमच्यासारख्यांची साक्ष तिथे खरी लागते. उपचार लांबलचक चालतात, औषध असं नाही, आणि हा माणूस आपणहून तुमच्या दारात येत नाही. न्यायालयाच्या आदेशाने आला तर किमान बसेल तरी.

राहिला वकीलपत्राचा प्रश्न. घेईन. त्याला सांगेन, की कलम २२ विसर, तिथे आपण टिकणार नाही. पुराव्यात जिथे फट असेल तिथे मी लढेन आणि दोषी ठरलास तर तुझं लहानपण न्यायाधीशांपुढे नीट मांडेन. त्यासाठी एका तज्ज्ञापुढे बसून तुला खरं बोलावं लागेल, माझ्यात काहीतरी कमी आहे असं कबूल करावं लागेल. माझा अंदाज, याच वाक्यापाशी तो मला काढून दुसरा वकील बघेल.