कॅच पकडला म्हणून रनर थांबत नाही हो

'क्रिकेट येतं ना, मग बेसबॉल 5 मिनिटांत' असा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. बाकीचं एक वेळ ठीक, पण कॅचचा जो भाग आहे त्यात लिहिणाऱ्याने क्रिकेटचेच नियम उचलून तिकडे चिकटवलेत आणि लोक बिनधास्त पुढे ढकलतायत.

म्हणे 'कॅच झाला की बॉल डेड (खेळ तिथेच थांबला), रनर (म्हणजे बेसवर, धावायच्या टप्प्यावर, पोचलेला बॅटिंग टीमचा खेळाडू) जागेवर'. क्रिकेटमध्ये विकेट पडली की बॉल डेड, बरोबर. पण बेसबॉलमध्ये फक्त बॅटर आउट होतो, बॉल लाइव्हच राहतो. रनरने आपल्या बेसला पाय लावायचा आणि मग सुटायचं, हेच टॅग अप. थर्ड बेसवर रनर आहे, आउट 2 पेक्षा कमी (3 झाले की इनिंग संपते), बॅटरने आउटफिल्डमध्ये लांब उंच मारला आणि तो पकडला गेला, तरी रनर होम प्लेट (बॅटर उभा असतो तो शेवटचा टप्पा) गाठून रन काढतो, आणि बॅटरच्या नावावर सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः आउट होऊन रन मिळवून देणारा फटका) लागतो. फाउल एरियात (रेषांबाहेर) पकडला तरी तेच, फॉरवर्डमध्ये त्यालाही 'नाही' लिहिलंय. फाउल बॉल कोणी पकडलाच नाही तर तो डेड, तेव्हा रनरला परत जावं लागतं.

पुढचं वाक्य, 'कॅच पूर्ण होईपर्यंत रनरने थांबायचं'. हे तर टीव्हीवर मॅच बघणारेही छातीठोक सांगतात! नियम असा की पहिल्या फिल्डरचा बॉलला स्पर्श झाला त्या क्षणी रनर बेस सोडू शकतो, कॅच नंतर पूर्ण होऊदे. कारण साधं आहे, नाहीतर आउटफिल्डर मुद्दाम बॉल हातावर उडवत उडवत इनफिल्डपर्यंत (बेसच्या आसपासच्या भागापर्यंत) आला असता आणि रनर बिचारा बेसवर उभा. एकाच्या ग्लव्हला लागून उडालेला बॉल दुसऱ्याने पकडला तरी आउटच, फक्त मधे जमिनीला किंवा भिंतीला लागायला नको. आणि हो, बेसच्या मागून पळत येऊन स्टार्ट घ्यायचा नाही, तेही बेकायदा. पण रनर लवकर सुटला तरी अंपायर स्वतःहून आउट देत नाही, समोरच्या टीमने अपील करायला हवं.

'ग्लव्हमध्ये बसला की कॅच' हेही अर्धवट. बॉलवर पूर्ण कंट्रोल पाहिजे आणि तो स्वतःच्या मर्जीने सोडलेला पाहिजे, भिंतीवर आपटून किंवा पडून लगेच सुटला तर कॅच नाही. मात्र पकडल्यावर थ्रो करताना हातातून निसटला तर कॅच धरतात. 2014 च्या सुरुवातीला मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये) नियम फारच कडक लावून असा निसटलेला बॉलही कॅच धरेनासे झाले होते, इतकी बोंब झाली की एप्रिलमध्येच मागे घ्यावं लागलं.

'फिल्डर प्रेक्षकांत पडला तर सिक्ससारखं, नॉट आउट'. अजिबात नाही. 1 जुलै 2004 ला यँकीज टीमचा डेरेक जीटर रेड सॉक्स टीमविरुद्ध कॅच घेऊन थेट खुर्च्यांमध्ये जाऊन पडला, हनुवटी फुटली, बॅटर आउट. तो तिसरा आउट होता म्हणून इनिंगच संपली, नाहीतर रनरना एकेक बेस पुढे मिळाला असता. पण पकडलाच नाही आणि फिल्डरला लागून बॉल फेअर बाजूने (रेषांच्या आतून) भिंतीपार गेला तर होम रन, म्हणजे आपल्या सिक्ससारखा. 1993 मध्ये होसे कॅन्सेको या फिल्डरच्या चक्क डोक्यावर आपटून गेला होता.

राहिलं 'कॅचवर डबल प्ले झाला तर रन धरत नाहीत'. समजा 1 आउट आहे, थर्ड आणि फर्स्टवर रनर. कॅच झाला, थर्डवाला टॅग अप करून पळाला, फर्स्टवाला मात्र आधीच सुटलेला, त्यामुळे बॉल फर्स्टला टाकून त्याला आउट केलं, तिसरा आउट. हा फोर्स आउट (मागून दुसरा येत असल्याने पुढे पळणं भागच असलेल्या रनरचा आउट) नाही, त्यामुळे थर्डवाल्याने त्याआधी होम प्लेटला पाय लावला असेल तर रन मोजला जातो.