मालक दिसत नाही, म्हणून मालक नाही असं होत नाही

गेल्या विधानसभा निवडणुकीपासून एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे: ‘पेपर आणि टीव्ही सगळे विकले गेलेत. खरी बातमी हवी तर यूट्यूबवरचे स्वतंत्र पत्रकार बघा. त्यांना ना मालक, ना जाहिरातदार.’ पाठवणाऱ्यांची चीड खरी आहे. मी बरीच वर्षं तालुक्याचा वार्ताहर होतो. निवडणूक लागली की पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या ‘पॅकेज’ची बोलणी कशी होतात, ते जवळून पाहिलं आहे. तरीही हा मेसेज मला पटत नाही.

‘सगळे विकले गेलेत’ हे आधी घेऊ. २००९च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा, शब्दन् शब्द सारखा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. त्यांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचे दाखवले होते ५,३७९ रुपये. (पुढे निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस काढली, ती कारवाई २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. तेही सांगायला हवं.) पण हे उघडकीला आणलं कोणी? पत्रकार पी. साईनाथ यांनी, ‘द हिंदू’ या छापील दैनिकात. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, ७१ पानांचा अहवाल लिहिला, त्यात वर्तमानपत्रांची नावं होती. कौन्सिलने तो दडपला आणि माहिती आयोगाच्या आदेशानंतरच २०११ मध्ये तो पूर्ण बाहेर आला. विकणारेही याच धंद्यात होते आणि त्यांना पकडणारेही. ‘सगळे’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो, आणि त्याचा फायदा विकणाऱ्यांना होतो.

‘जाहिरातदार नाही’ हे तर सरळ चूक आहे. उत्तर प्रदेश सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये डिजिटल मीडिया धोरण मंजूर केलं. सरकारी योजनांचे व्हिडिओ करणाऱ्या यूट्यूबरना त्यात महिन्याला ८ लाख रुपयांपर्यंत देण्याची तरतूद आहे. केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये डिजिटल जाहिरातींचं धोरण आणलं. पैसा जिथे लोक असतात तिथे जातो. लोक मोबाइलवर आले, तोही आला.

आता ‘मालक नाही’. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. जो चॅनेल फक्त व्ह्यूजवर जगतो, त्याचा मालक प्रेक्षक असतो. एका नेत्याला झोडपणारा व्हिडिओ पाहून ज्यांनी चॅनेल धरला, त्यांना त्याच नेत्याचं एखादं बरं काम सांगून बघा. खाली लगेच कॉमेंट येते, ‘तुम्हीही विकले गेलात का?’ चार सबस्क्रायबर गळतात, पुढचा व्हिडिओ कमी चालतो आणि तो पत्रकार, प्रामाणिक असला तरी, तशी बातमी पुन्हा करताना कचरतो. संपादकाला फोन करून बातमी थांबवणारा मंत्री निदान माहीत तरी असतो. इथे कोणी फोन करत नाही. बातमी मुळात सुचेनाशीच होते.

म्हणून ऑनलाइन बातमी टाकाऊ, असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देण्याची योजना, घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर न्यूजलॉन्ड्री, स्क्रोल आणि द न्यूज मिनिट हे बातम्या देणारे ऑनलाइन मंच एकत्र आले आणि कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले ते उकलत बसले. हे काम कागदपत्रं चाळून झालं, कॅमेऱ्यापुढे आवाज चढवून नाही. न्यूजलॉन्ड्री कोणाच्या पैशावर चालते, हे ती स्वतःच सांगते: वाचकांच्या वर्गणीवर.

मला हवं आहे ते एवढंच. पेपरच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव छापलेलं असतं. कायद्याने ते लागतंच. खोटं छापलं तर कोणाला नोटीस पाठवायची, हे त्या ओळीवरून कळतं.

हा मेसेज मला पाठवणाऱ्या मित्राला मी त्याच्या आवडत्या चॅनेलबद्दल विचारलं, ‘ही ओळ इथे कुठे आहे?’ आम्ही दोघांनी मिळून पानभर माहिती धुंडाळली. नाव नाही, गाव नाही, पत्ता नाही. एकच ओळ सापडली, ‘जाहिरातीसाठी संपर्क’, आणि पुढे एक मोबाइल नंबर.