होर यांचा 'कोरा' कागद
नागपुरातल्या चित्रकलेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फोटो फिरतोय: 'शिल्पकार सोमनाथ होर यांनी कोरा कागद ब्लेडने कापून रेखाटन म्हणून खपवला.' हे साफ चूक आहे. १९७०च्या दशकातल्या त्यांच्या 'जखमा' मालिकेतला कागद कोराही नाही, कापलेलाही नाही. होर आधी माती किंवा मेणाचा थर चाकूने चिरत, तापल्या हत्याराने डागत. त्यावरून सिमेंटचा साचा घेत आणि त्यात कागदाचा लगदा दाबत. चीर कागदासोबतच जन्मते! समोरून फ्लॅश पडला की उठाव नाहीसा होतो, म्हणून फोटो पांढराफटक. १९४३चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहून रेखाटणाऱ्या माणसाबद्दल असं लिहिलेलं वाचून फार वाईट वाटलं. मूळ चित्र कुठे दिसलं, तर तिरप्या उजेडात बघा.