हिरवा डबा, निळा डबा आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. सुक्याच्या डब्यात खरकटं. फोटोवरच लिहिलंय, 'तिसरा मजला, लक्ष द्या.' तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना दिसत नाही हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. आणि त्यांच्या फोनवरचं मजकूर वाचून दाखवणारं टॉकबॅक फोटोतली मराठी अक्षरं धड वाचत नाही. म्हणजे ज्याला झापलं, त्याला झापल्याचाही पत्ता नाही!

ओला हिरव्यात, सुका निळ्यात. वर्षानुवर्षं घोकतोय आपण. काकांनी हिरवा ओळखायचा कसा, हुंगून? ते जागेवरून ओळखायचे. जिन्याकडचा पहिला डबा ओल्याचा. काल डबे धुतले आणि परत लावताना अदलाबदल झाली. आता सांगा, चूक कोणाची?

शंभराच्या नोटेच्या कडांना चार उठावदार रेघा असतात, पाचशेच्या पाच. नोट चाचपून कळते, मग डबा का कळू नये?

लगेच 'ब्रेलचं स्टिकर लावू' म्हणू नका. उतारवयात नजर गेलेल्या बहुतेकांना ब्रेल येत नाही, आणि स्टिकर चार धुण्यांत निघतं. एम-सीलचे ठिपकेही नकोत. या डब्यांचं प्लास्टिक गुळगुळीत, मेणचट. सुकलं की ठिपका टिकलीसारखा सुटून येतो. झाकणाच्या पुढच्या कडेला, उचलताना बोटं लागतात तिथेच, भोक पाडा आणि 6 मिमीचा गोल डोक्याचा स्टेनलेस बोल्ट बसवा. डोकं वर, खाली वॉशर आणि नट. ओल्याला एक, सुक्याला दोन, मध्ये चार बोटं अंतर. फार जवळ बसवले तर दोन्ही मिळून एकच लागतात. बोल्ट आखूड घ्या, नाहीतर खालचं टोक हाताला ओरबाडतं.

शिवाय डबे जागेवरही हवेत. कचरा नेणाऱ्या मावशींना ते रोज ठरल्या जागी लावायचा ताप होईल, मान्य. त्यांच्यासाठी फरशीवर रंगाने चौकोन आखा.

काकांच्या घरात हा गोंधळ होतच नाही. ओल्याला गोल बादली, सुक्याला खुंटीवरची कापडी पिशवी, संपलेले बॅटरीचे सेल फिरकीच्या झाकणाच्या बरणीत. दुधाच्या पिशवीचा कोपरा ते पूर्ण कापत नाहीत, कारण सुटलेला तुकडा नंतर चाचपडूनही सापडत नाही. मग पिशवी विसळून चिमट्याने उलटी टांगतात. फुटलेली काच पेपरात गुंडाळून वर सुतळी. डायपरच्या पुडीवर लाल ठिपका काढा म्हणतात, तो डोळसांच्या सोयीचा. नातू आला की काका त्या पुडीला दोन रबरबँड लावतात, ते मावशींच्याही हाताला कळतं. आपल्या दुधाच्या पिशव्यांना येणारा आंबूस वास काकांच्या पिशव्यांना येत नाही. विचारा मावशींना.

तर तो फोटो आधी काढा. पुढची नोटीस टाइप करून टाका, दोन ओळींची. आणि बी विंगवाले, गणपतीच्या मंडपाला काढलेलं ड्रिल तुमच्याकडेच आहे ना? रविवारी खाली आणा. बोल्ट मी आणते.